विजेची पेटी आणि तिच्यावरील दोन आकडे

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावयाचा, देणगीदारांची नावे असावयाची, दिवंगत कार्यकर्त्यांची स्मरणे असावयाची. त्यांत विजेच्या पेट्यांवरील लेख कशाला, असे पुष्कळ वाचकांच्या मनात येईल. संपादक मंडळाच्याही मनात ते आले होते. परंतु या महोत्सवी वर्षात सभागृहाचे व शाळेच्या इमारतीचे वायरिंग नव्याने करावयाचे ठरले आहे, त्यासाठी दरपत्रके मागविली आहेत, आणि ती वाचून निर्णय घेणारे आपण सारे शिक्षक, वकील, दुकानदार, निवृत्त कारकून असे लोक आहोत. दरपत्रकांत ‘आयपी ४२’, ‘आयपी ५५’ अशी अक्षरे नि आकडे येतात. एकाची किंमत दुसऱ्याहून बरीच अधिक असते. फरक कशाचा हे न कळल्यामुळे सभासद किंमतीचा आकडा तेवढा वाचतात आणि स्वस्त ते मंजूर करतात. पैसे समाजाचे आहेत हे खरे. पण त्या पेट्यांजवळून रोज जाणारी मुलेही समाजाचीच आहेत. म्हणून या आकड्यांचा अर्थ जमेल तितका सोपा करून सांगावा असे आम्ही योजिले.

प्रथम शब्दाविषयी. मेन स्विच, फ्यूज, एमसीबी, स्टार्टर, मीटर ही सामग्री ज्या डब्यात बसवितात त्याला पुस्तकी भाषेत आवरण अथवा कवच म्हणता येईल. वायरमन त्याला पेटी म्हणतो. आम्हीही पेटीच म्हणणार आहोत.

आपल्या बडोद्यात मांडवीच्या आतील पोळांत किंवा दांडिया बाजारातील जुन्या घरांत ज्यांचे बालपण गेले त्यांना ओट्यालगतची काळी, जड, बिडाची पेटी आठवत असेल. तिच्या अंगाला लोखंडी दांडा असे. दांडा वर, म्हणजे वीज चालू, असताना झाकण उघडत नसे. दांडा खाली करून वीज तोडावी तेव्हाच ते उघडे. त्या ओबडधोबड पेटीत एक शहाणपण होते: चालू विजेपाशी माणसाचा हात जाऊच द्यावयाचा नाही. पेटीचे पहिले काम हेच. दुसरे काम उलट दिशेचे. बाहेरची धूळ, पाणी, पडलेला खिळा, घरटे बांधावयास आलेली चिमणी यांना आत येऊ न देणे. आत ठिणगी उडाली तर ती आतच विझावी, भोवतीचे लाकूड पेटू नये, हे तिसरे.

येथे कोणी विचारील की, फ्यूज किंवा एमसीबी असताना पेटीची इतकी काळजी कशाला? शॉक बसला तर खटका पडेलच की. हा समज फार पसरलेला आहे आणि फार घातक आहे. आठवीतल्या मुलाला येणारे गणित करून पाहू. घरातील दाब २३० व्होल्ट. माणसाच्या शरीराचा रोध त्वचा कोरडी की ओली यावर कमीअधिक होतो. हिशेबापुरता १५०० ओहम धरू. भागाकार केला म्हणजे शरीरातून सुमारे ०.१५ अँपियर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडवून जीव घेण्यास एवढा प्रवाह पुरेसा आहे. आता खोलीतील एमसीबी ६ अँपियरची आहे असे समजा. तिच्या दृष्टीने हा प्रवाह तिच्या मर्यादेचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे एखादा लहानसा दिवा लावल्यासारखा. ती पडणार नाही. एमसीबी तारांचे रक्षण करते, माणसाचे करीत नाही. माणसासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण असते. ते ३० मिलिअँपियर म्हणजे ०.०३ अँपियर गळतीवर प्रवाह तोडते. तेही हवेच, पण ते धक्का बसू लागल्यानंतर काम करते. धक्का बसूच नये यासाठी तारेवरील वेष्टन, अर्थिंग आणि पेटी हीच साधने आहेत.

आता आकड्यांकडे वळू. पेटी चांगली आहे असे विकणारा म्हणतो; ती किती चांगली हे सर्वांनी एकाच मापाने मोजावे यासाठी प्रमाण ठरविले गेले. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने १९६२ साली आयएस २१४७ हे प्रमाण कमी दाबाच्या स्विचगिअरच्या पेट्यांसाठी काढले होते. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाचे सर्व प्रकारच्या पेट्यांना लागू होणारे प्रमाण १९७६ साली आले. भारतीय मानक संस्थेची १९८७ साली भारतीय मानक ब्यूरो झाली, त्याच वर्षीचे आयएस १२०६३, आणि आता आंतरराष्ट्रीय प्रमाणच आयएस/आयईसी ६०५२९ या नावाने आपण स्वीकारले आहे. ‘आयपी’ ही अक्षरे त्यातलीच. त्यांच्यापुढे दोन आकडे असतात आणि ते दोन वेगळे आकडे आहेत; ‘पंचावन्न’ असा एक आकडा नव्हे. पहिला पाच घन वस्तूंविषयी, दुसरा पाच पाण्याविषयी. एखाद्या बाबतीत परीक्षा घेतली नसेल, किंवा तो आकडा सांगावयाचा नसेल, तर त्या जागी एक्स हे अक्षर घालतात.

पहिला आकडा शून्यापासून सहापर्यंत जातो. १ म्हणजे ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा आत शिरत नाही. पालथा हात चुकून आत जाणार नाही इतकेच. २ म्हणजे १२.५ मिलिमीटरचा गोळा शिरत नाही आणि बोट विजेपर्यंत पोहोचत नाही. या परीक्षेसाठी एक धातूचे बोट केलेले असते, ते मोठे मजेदार आहे. जाडी १२ मिलिमीटर, लांबी ८० मिलिमीटर, आणि माणसाच्या बोटासारखे त्याला दोन सांधे. परीक्षक ते पेटीच्या प्रत्येक फटीत सुमारे एक किलो वजनाइतका जोर देऊन घालतो, वाकवतो, फिरवतो. आतील विजेचे भाग व हे बोट यांच्यामध्ये ४० ते ५० व्होल्टचा एक दिवा जोडतात. दिवा लागला की पेटी नापास. बोट फटीतून आत गेले एवढ्याने पेटी नापास होत नाही. ते विजेच्या भागापासून पुरेसे दूर राहिले पाहिजे, ही अट आहे.

परंतु आम्ही शिक्षक आहोत, आणि मुलांचे हात आम्ही रोज पाहतो. मुलाचे बोट १२ मिलिमीटरपेक्षा बारीक असते, आणि त्याच्या हातात नुसते बोट नसते. कंपासपेटीतील कर्कटक असते, मुलींच्या केसांतील आकडा असतो, रिकामी रिफिल असते, पतंगाच्या दिवसांत कुठूनतरी मिळविलेली तार असते. फट दिसली की तीत काही घालून पाहावे हा बालस्वभाव आहे आणि तो चांगला आहे. त्याला शिक्षा करून चालावयाचे नाही, फटच असता कामा नये. पहिला आकडा ३ असेल तर २.५ मिलिमीटरची सळई आत जात नाही. ४ असेल तर १ मिलिमीटरची तारही जात नाही. म्हणून कुलूपबंद खोलीतील पेटीला २ चालत असला तरी शाळेच्या व्हरांड्यातील, मुलांच्या हाताला लागणाऱ्या पेटीला ४ हून कमी घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. याच्या पुढचे दोन आकडे धुळीचे. बंद कपाटात टाल्क पावडरीची धूळ पंप लावून उधळत ठेवतात व पेटी त्यात काही तास राहते. थोडी धूळ गेली पण काम बिघडविण्याइतकी नाही, तर ५. मुळीच गेली नाही तर ६.

दुसरा आकडा पाण्याचा. येथे वाचकांनी आपल्या इमारतीचा एकेक कोपरा डोळ्यांपुढे आणावा. १ म्हणजे वरून सरळ ठिबकणारे पाणी. २ म्हणजे पेटी १५ अंश कलली असता ठिबकणारे. गळक्या स्लॅबखाली एवढे पुरते. ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपा येणारा पाऊस, ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे पाणी. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर या वेगाने मारलेली धार. ६ म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला शंभर लिटर. ७ म्हणजे पेटी अर्धा तास पाण्यात बुडविणे. लहान पेटीचे बूड एक मीटर खोल राहील असे. ८ मध्ये त्याहून कठीण परीक्षा, तिच्या अटी करणारा आणि घेणारा यांनी आपसांत ठरवावयाच्या. ९ हा आकडा पुष्कळ नंतर, २०१३ साली, आला; तो कढत पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा आहे, दुग्धालये व खाद्यपदार्थांचे कारखाने यांना लागणारा. आपल्याला त्याचे कारण नाही.

यात एक खोच आहे. सहापर्यंत मोठा आकडा लहान आकड्यांना पोटात घेतो. ५ मिळालेली पेटी ४ ला उत्तीर्ण आहेच. पण ७ व ८ हे वेगळ्या जातीचे आहेत. बुडवून पाहिलेली पेटी धारेखाली टिकेलच असे नाही, कारण शांत पाण्याचा दाब झाकणाचे रबर सगळीकडून सारखा आवळतो, तर धार एका कोपऱ्यावर बसून ते उचलू पाहते. दोन्ही गुण हवे असतील तर दोन्ही आकडे लिहून घ्यावे लागतात. ‘सात हा पाचापेक्षा मोठा, म्हणजे अधिक चांगला’ हा युक्तिवाद येथे चालत नाही.

आमच्या मते सभागृहाच्या आतील कोरड्या भिंतीवर आयपी ४२ पुरे आहे. गच्चीवर, आवारात, पंपाच्या खोलीत ५५ घ्यावे, आणि जेथे पाण्याचा पाइप लावून फरशी धुतात तेथेही ५५ च. जेथे माणसे अनवाणी व ओल्या पायांनी उभी असतात त्या जागा सर्वांत जोखमीच्या. देवळाचे आवार, मशिदीतील वजूचा हौद, मंगल कार्यालयातील भांडी घासण्याची जागा, शाळेची पाणपोई या सर्व त्यांत आल्या. तेथे चांगली पेटी घेण्यापेक्षाही, पेटी मुळी हाताच्या अंतरात न ठेवणे हा उत्तम उपाय. आमच्या पाहण्यातील एका शाळेत पाण्याच्या टाकीच्या पंपाचा स्टार्टर पिण्याच्या पाण्याच्या नळांपासून हातभर अंतरावर होता. पेटी मूळची चांगली होती. झाकणाच्या चार स्क्रूंपैकी एक शिल्लक होता, आणि खालच्या तीन भोकांपैकी दोन उघडी. पहिल्या पावसात पेटीच्या अंगाला मुंग्या येऊ लागल्या तेव्हा मुलांनी तो खेळ केला: रांगेत हात धरून उभे राहावयाचे आणि पहिल्याने पेटीला हात लावावयाचा. एका बाईंनी हे वेळीच पाहिले म्हणून बरे झाले.

या प्रसंगात आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. आयपीचा आकडा कारखान्यातून निघालेल्या, परीक्षा दिलेल्या, अखंड पेटीचा असतो. भिंतीवर बसविताना वायरमन तिला ड्रिलने भोक पाडतो, त्या क्षणी तो आकडा गेला. भोकातून तार ओवली आणि भोवती फट राहिली तर आयपी ५५ ची पेटी शून्याची होते, मग वरचे लेबल काही म्हणो. तार आत घेण्याची रीत ठरलेली आहे. भोकात ग्लँड बसवावा, म्हणजे तारेभोवती रबराची कडी आवळून धरणारे नट. तो तारेच्या जाडीला जुळणारा असावा, आणि त्याचाही आयपी आकडा पेटीपेक्षा कमी नसावा. बारीक तारेला मोठा ग्लँड घालून वर चिकटपट्टी गुंडाळणे हे पुष्कळ ठिकाणी दिसते. त्याला ग्लँड बसविला असे म्हणता येत नाही. न वापरलेल्या भोकाला बूच हवे. उघड्यावरील पेटीत तार खालून घ्यावी, वरून कधीही नाही. आणि शिरण्यापूर्वी तिला थोडा झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकते, पेटीत जात नाही. झाकणाचे रबर उन्हाने कडक होते, वायरमन रंगारी दोघेही त्याची पर्वा करीत नाहीत, आणि एकदा रंग बसलेले रबर पुन्हा नीट दबत नाही. सहा स्क्रू असतील तर सहाही हवेत. परीक्षेत सहा होते.

दार उघडल्यावर काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. आकडा दार बंद असतानाचा. आपला शिपाई मात्र दिवे लावण्यासाठी रोज सकाळी दार उघडतो. म्हणून दाराच्या आत दुसरी पत्र्याची अथवा प्लास्टिकची झाकणपट्टी असावी, तीतून खटक्यांच्या मुठी तेवढ्या बाहेर याव्यात, आणि बोट आतील जोडांना लागू नये. एखादी एमसीबी काढून टाकली की तेथे चौकोनी खिडकी उघडी राहते. तिला लावावयाची पट्टी आठ-दहा रुपयांची वस्तू आहे, आणि बहुतेक पेट्यांत ती नसते.

आकडे काय सांगत नाहीत तेही जाणले पाहिजे. गंज, ऊन, बुरशी, पेटीच्या आत धरणारे दव, स्फोटक वायू यांची परीक्षा या प्रमाणात नाही. किडे-मुंग्यांची नाही. पालीची नाही! आपल्याकडे पेटीतील पुष्कळ घोटाळे पालीमुळे होतात. ऊब व किडे यांच्या ओढीने ती आत जाते आणि दोन जोडांवर एकदम पाय देते. पहिला आकडा ४ असला आणि बुचे जागेवर असली तर तिची वाट आपोआप बंद होते, पण ती कृपा आनुषंगिक आहे.

दवाचे प्रकरण नीट समजून घ्यावे, कारण पुष्कळांना वाटते की पेटी जितकी बंद तितकी बरी. बंद पेटी दिवसा उन्हात तापते, आतील हवा फुगून फटीतून बाहेर जाते. संध्याकाळी पाऊस पडून पेटी एकदम निवते, आतील हवा आक्रसते, आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पेटी जणू श्वास घेते. रोज थोडे थोडे पाणी आत साचते आणि बाहेर पडावयास वाट नसते. म्हणून बाहेरच्या पेट्यांच्या तळाशी हवा जाऊ देणारे पण पाणी अडविणारे खास बूच मिळते, ते लावावे. उष्णतेचाही असाच विचार. एमसीबीची मर्यादा भोवतालचे तापमान ३० अंश धरून ठरविलेली असते. आपल्या वैशाखात बाहेरच ४२ अंश असते, उन्हातील बंद पेटीत त्याहून पुष्कळ अधिक. मग एमसीबी विनाकारण पडू लागते, वायरमन कंटाळून मोठ्या अँपियरची बसवितो, आणि आता तार जळेपर्यंत ती पडत नाही. पेटी सावलीत ठेवणे आणि थोडी मोठी घेणे, एवढ्याने हे सारे टळते.

आघाताचीही परीक्षा आयपीत नाही. तिचे वेगळे प्रमाण आहे, त्याची अक्षरे ‘आयके’. त्यात आयके १० म्हणजे पाच किलोचे वजन ४० सेंटिमीटरवरून आपटल्याइतका, २० ज्यूलचा, आघात सोसणे. हा आकडा मोठा वाटतो. पण १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगाने, म्हणजे मध्यम फटक्याने, भिंतीवर आला तर त्याची ऊर्जा १८ ज्यूल होते. मैदानाकडील भिंतीवर प्लास्टिकची पेटी लावताना हे गणित लक्षात ठेवावे. चेंडूने कोपरा फुटलेली पेटी वर्षानुवर्षे तशीच असते, कारण वीज चालू असते.

अर्थिंगविषयी थोडक्यात सांगतो. पत्र्याची पेटी असेल आणि आतील तार सुटून पत्र्याला लागली, तर अर्थिंगमुळे मोठा प्रवाह जमिनीकडे जाऊन खटका पडतो. अर्थिंग नसेल तर सगळी पेटी जिवंत होऊन हात लावणाऱ्याची वाट पाहते. पेटीच्या देहाला अर्थ जोडतात, दाराला विसरतात. दार बिजागरीवर लोंबते, बिजागरीत रंग व गंज असतो, त्यातून वीज जाईलच याचा भरवसा नाही. दाराला वेगळी लवचिक तार हवी. बोल्टखालचा रंग खरवडावा किंवा दातेरी वॉशर घालावा. तीन फेजच्या मोटरीस व तिच्या स्टार्टरला दोन स्वतंत्र अर्थ जोडावेत, हा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांत होता. ते नियम २०१० साली जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले आणि सध्या २०२३ चे विनियम लागू आहेत. रीत तीच आहे. धोक्याची कवटीची पाटी लावावयाची तीही स्थानिक भाषेत. आपल्या शाळेत ती गुजराथीत तर हवीच, मराठीतही असावी.

पुराचा विचार बडोद्याच्या माणसाला सांगावयास नको. २०१९ च्या जुलै अखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टात पाणी घराघरांत शिरले. पेट्या भिंतीवर कमरेइतक्या उंच होत्या, विश्वामित्रीचे पाणी पुष्कळ वस्त्यांत त्याच्याही वर गेले. आयपी ५५ ची पेटी बुडण्यासाठी केलेली नसते, ६५ चीही नसते. तेथे उपाय उंचीचा. आपल्या इमारतीच्या जिन्याच्या भिंतीवर पाण्याची खूण अजून दिसते. मीटर व मुख्य पॅनेल तिच्या वर गेले पाहिजे, आणि तळमजल्याची वीज वरच्या मजल्यांपासून वेगळी तोडता आली पाहिजे. पाण्यात बुडालेली एमसीबी व आरसीसीबी वाळवून पुन्हा वापरू नयेत. वरून त्या कोरड्या, स्वच्छ दिसतात. आत गाळ बसलेला असतो, आणि नेमक्या प्रसंगी खटका पडत नाही.

आता दरपत्रकांकडे. ठेकेदाराने ‘आयएसआयचा माल’ असे लिहिले असेल तर ती खूण कशावर, ते विचारावे. ती बहुधा आतील एमसीबीवर असते. तेवढ्याने पेटीबद्दल काही सिद्ध होत नाही. पेटीसाठी परीक्षेचा अहवाल मागावा. त्यावर प्रयोगशाळेचे नाव, तारीख, पेटीचा नमुना क्रमांक व मापे असतात. ती आपल्याला देऊ केलेल्या पेटीशी जुळतात का हे पाहण्यास इंजिनिअर लागत नाही, चाळिशीचा चष्मा पुरतो. अशा परीक्षा करणारी एर्डा ही संस्था १९७४ पासून आपल्याच गावात, मकरपुऱ्यात आहे. भोपाळ व बंगळूर येथे केंद्रीय विद्युत संशोधन संस्था आहे. ज्या गावात १८९० साली कलाभवन निघाले तेथील लोकांनी असा कागद मागावयास संकोचू नये. मोठ्या पॅनेलसाठी आयएस/आयईसी ६१४३९ प्रमाणे जोडणी केल्याचे, जोडणी करणाऱ्याच्या सहीचे पत्र वेगळे घ्यावे, कारण चांगल्या पेटीत चांगला माल भरूनही पॅनेल वाईट होऊ शकते. आणि ठेक्यात एक वाक्य घालावे: काम संपल्यावर सर्व ग्लँड, बुचे, स्क्रू व दारांचे अर्थ संस्थेच्या प्रतिनिधीस दाखवूनच अखेरचे बिल मिळेल. पूर्वी अनुभव असा आहे की बिल गेले की बुचे येत नाहीत.

नवरात्रात आपल्या आवारात गरब्यासाठी तात्पुरता पुरवठा घेतात, त्याचेही नियम हेच. लाकडी फळीवर उघडे स्विच ठोकून ती खांबाला बांधणे बंद झाले पाहिजे. भाड्याने मिळणाऱ्या, दार असलेल्या, खालून ग्लँड असलेल्या पेट्या आता गावात मिळतात. त्यांचे भाडे मंडपाच्या झालरीपेक्षा कमी पडते.

सांभाळ करण्याचे काम शाळेच्या मुख्य शिपायाकडे द्यावे आणि त्यास एक वही द्यावी. पावसाळ्यापूर्वी व दिवाळीच्या सुट्टीत, मुख्य वीज तोडून, परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक पेटी उघडून पाहावयाची: रबर, स्क्रू, बुचे, गंज, पाण्याचा डाग, दाराची अर्थ. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे लहान बटण असते, ते महिन्याच्या पहिल्या सोमवारी, संगणक बंद असताना, दाबावयाचे. खटका पडला की वर करून वहीत तारीख लिहावी. पडला नाही तर त्या पेटीवरची वीज तोडून त्याच दिवशी वायरमनला बोलवावे, आणि तो येईपर्यंत तेथील किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात ठेवावी.